बाकावरच्या काकांची रजा

माणसाला स्वतःचे गाव सोडून कोणतेही गाव मोहक वाटू शकते. अट एकच, की रविवारी संध्याकाळी तिथून निघता आले पाहिजे. मोहकतेच्या शास्त्राचा हा पाया आहे. जे लोक सोमवारीही तिथेच असतात त्यांना रहिवासी म्हणतात, आणि रहिवाशांचे मत या विषयात ग्राह्य धरत नाहीत.

आपले गाव मोहक आहे याची आम्हा रहिवाशांना बरीच वर्षे कल्पना नव्हती. गावात एक चौक, चौकात एक मोठे झाड, झाडाखाली एक लाकडी बाक. चौकातून चार रस्ते फुटतात, त्यांतले दोन कुठेच जात नाहीत. भिंतींचा रंग उडालेला, कारण रंगाला पैसे नव्हते. रस्त्यात दगड, कारण डांबर मंजूर होऊन वाटेत कुठेतरी जिरले होते. दुपारी दुकाने बंद, कारण गिऱ्हाईक नव्हते. या सगळ्याला आम्ही 'अडचणी' म्हणत असू आणि दर निवडणुकीत त्यावरून एकमेकांची उणीदुणी काढत असू. मग एका साप्ताहिकात 'शनिवार-रविवारी जाऊन यावीत अशी दहा मोहक छोटी गावे' ही यादी छापून आली आणि तीत आमचा नंबर नववा लागला. तेव्हा आम्हाला कळले की आमच्या अडचणींना शहरात 'व्यक्तिमत्त्व' म्हणतात.

यादीत प्रत्येक गावाचा एक फोटो होता. आमच्या गावाच्या फोटोत त्या बाकावर एक वयस्क गृहस्थ अनवाणी बसलेले दिसतात. नजर दूर, हात मांडीवर, चेहऱ्यावर गाढ शांती. खाली ओळ होती : 'इथे कुणालाच घाई नाही. माणसाचे पाय अजून मातीला लागलेले आहेत.'

हे गृहस्थ म्हणजे आमचे वादळकाका.

वादळकाका वीज कंपनीत मीटर वाचायच्या नोकरीत होते. दारावर थाप, आत, आकडा, बाहेर. घरातून 'कोण आहे?' असा आवाज येईपर्यंत काका तिसऱ्या घरात पोचलेले असत. निवृत्त झाल्यावर काम गेले, पण चाल राहिली. गावातल्या कुत्र्यांनी त्यांच्या मागे धावणे सोडून दिले होते. (कुत्र्यालाही वयोमानाप्रमाणे आपली मर्यादा कळते.) फोटोच्या दिवशी काका बाकावर होते, कारण त्यांचे बूट मोच्याकडे होते. मोची म्हणाला होता, एकेक करून देतो, एक पायात राहू द्या. काका म्हणाले, "दोन्ही घे, लवकर होईल." मोच्याने दोन्ही घेतले, खिळे आणायला म्हणून गेला आणि जेवून, वामकुक्षी करून परतला. फोटोतल्या चेहऱ्यावर जी शांती दिसते ती म्हणजे एका माणसाला मनातल्या मनात, एकही शब्द पुन्हा न वापरता, शिव्या देण्यासाठी लागणारी एकाग्रता आहे.

पण छापून आले ते आले. पुढच्याच शनिवारी बावीस गाड्या आल्या.

असे काही झाले की समिती नेमावी लागते. आम्ही 'मोहकता जतन समिती' नेमली आणि गावातल्या रंगाच्या दुकानदारांना अध्यक्ष केले. या निवडीवर काही नतद्रष्ट लोकांनी टीका केली, परंतु रंग उडालेल्या भिंती जतन करायच्या तर रंगातला जाणकार हवा, हे उघड आहे. अध्यक्षांनी 'उडालेला' नावाची एक नवीन छटाच मागवली. भिंत कधीच रंगवलेली नाही असे वाटण्यासाठी हिचे तीन हात द्यावे लागतात आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा मारावी लागते, कारण मधल्या काळात ती खरोखरच उडते आणि ते बरे दिसत नाही. डांबराचा ट्रक याच सुमारास खरोखर आला. त्याला वेशीवरूनच परत पाठवण्यात आले. ड्रायव्हर बराच वेळ विचारत होता, "नक्की ना?"

समितीने पाहुण्यांची पाहणीही केली. 'आपणांस गावातले काय सर्वांत भावले?' या प्रश्नाला एकसष्ट टक्के लोकांनी 'बाकावरचे काका' असे उत्तर दिले. बावीस टक्क्यांनी 'इथली शांतता' असे सांगितले (मोठ्याने, कारण गाडीतले गाणे चालू होते). नऊ टक्क्यांना स्वच्छता भावली. ही पाहणी ते आल्या आल्या केली होती. उरलेले आठ टक्के पोचायच्या आधीच झोपले होते आणि निघाल्यावर जागे झाले. निष्कर्ष स्पष्ट होता. गाव म्हणजे काका, आणि बाकी सगळी पार्श्वभूमी.

अध्यक्ष स्वतः काकांच्या घरी गेले.

"काका, शनिवार-रविवार जरा बाकावर बसायचं. गावासाठी."

"किती वेळ?"

"हेच, बघा! हा प्रश्नच विचारायचा नाही."

काका बिथरले असते, पण आतून काकू म्हणाल्या, "बसा की. घरात माझ्या पायात येता, त्यापेक्षा गावाच्या उपयोगी पडाल." काकांनी मान डोलावली. हे काम मानाचे आहे, असे अध्यक्षांनी तीनदा सांगितले. त्यावरून त्याचे पैसे मिळणार नाहीत हे सगळ्यांच्या लक्षात आले.

बाकावर बसण्याचे नियम थोडेच होते. बूट समितीच्या कचेरीत जमा करावेत. घड्याळाकडे पाहू नये. काकांना तशी सवय फार, म्हणून घड्याळही जमा. उभे राहू नये. हसू मध्यम असावे, दात दिसू नयेत. पाहुण्यांशी आपण होऊन बोलू नये आणि बोललेच तर विजेबद्दल बोलू नये. (पहिल्याच शनिवारी त्यांनी एका नवविवाहित जोडप्याला त्यांच्या एसीच्या युनिटचा हिशेब करून दाखवला होता. जोडपे रविवारी पहाटेच निघून गेले.) पाहुण्यांनी बाकाभोवतीच्या दोरीच्या अलीकडून फोटो काढावा. गावकऱ्यांनी शनिवार-रविवारी 'वादळ' या नावाने हाक मारू नये. आणि काकांच्या घरच्यांनी बाकाजवळ फिरकू नये, कारण घरचे लोक आले की संसाराची कटकट सुरू होते आणि चेहरा बदलतो. काकू पहिल्या आठवड्यात डबा घेऊन गेल्या होत्या आणि "मीठ कमी असेल, गप खा," एवढेच म्हणाल्या होत्या. तेवढ्यातही चेहरा बदललाच.

दीड वर्ष हे सुरळीत चालले. मग काकांच्या लेकीला मुलगी झाली.

लेक शहरात. ती आणि जावई दोघे नोकरीला. सोमवार ते शुक्रवार बाळ सकाळी पाळणाघरात जाते आणि झोपलेलेच घरी परत येते. म्हणजे या बाळाला जागेपणी भेटायचे तर शनिवारी किंवा रविवारी. आणि शनिवारी-रविवारी काकांना घाई नसते. समितीचा तसा ठरावच आहे.

काकूंचे तसे नव्हते. काकू फोटोत नव्हत्या. त्या दर दोन आठवड्यांनी शुक्रवारच्या बसने जात आणि सोमवारी येऊन पिशवी खाली ठेवायच्या आधी बातम्या द्यायला लागत.

"काल माझा चष्मा ओढला तिने. दोन दात आलेत. चावते चक्क!"

"कुणासारखी दिसते?"

"नाक तुमचंच आलंय बिचारीला."

काका एकदा बुधवारी जाऊन आले. पोचले तेव्हा बाळ झोपले होते. सकाळी जाग यायच्या आत पाळणाघराची गाडी आली. दुसऱ्या दिवशीही तेच. काकांना पांघरुणाबाहेर आलेली एक टाच दिसली. ती त्यांनी नीट पाहून घेतली आणि शुक्रवारी दुपारच्या बसने परत आले, कारण दुसऱ्या दिवशी निवांत बसायचे होते.

"टाच बरी आहे," एवढेच ते म्हणाले.

हेही त्यांनी चालवून घेतले असते. पण एका सोमवारी काकू म्हणाल्या, "आता माणसं ओळखायला लागलीय हं ती. शेजारची कडेवर घेते तर हसते. अनोळखी कुणी आलं की भोकाड पसरते. आता या दिवसांत जे दिसतील ते तिचे. बाकीचे मग पाहुणे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. पाहुणे म्हणजे काय, हे त्या गावात त्यांच्याइतके जवळून कुणी पाहिले नव्हते.

त्यांनी समितीकडे रजेचा अर्ज केला. सभा भरली. अध्यक्षांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काका, रजा नक्की कशातून हवी?"

"बसण्यातून."

"बसणं हे काम आहे का?"

"नाही."

"पगार आहे का?"

"कसला पगार!"

"मग रजा कशाची? रजा कामाला असते. तुम्ही तर विश्रांती घेताय. आणि विश्रांतीतून रजा मिळाली तर करणार काय?"

"बस पकडणार. नातीकडे जाणार."

अध्यक्षांनी सभेकडे पाहिले. "मंडळी, हे दगदग करायला रजा मागतायत. या वयात!"

सभेने हळहळ व्यक्त केली. आमच्यापैकी प्रत्येकाला काकांबद्दल मनापासून वाईट वाटले, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या माडीवर शनिवारचे बुकिंग होते. अर्ज नामंजूर झाला. मात्र माणुसकीच्या नात्याने, बदली माणूस मिळाल्यास एक शनिवार सोडण्याचे ठरले. बदलीला मोची तयार झाला. (त्याला थोडे टोचत असावे.) तो सकाळी बूट काढून बसला. बसला उत्तम, काकांपेक्षा कितीतरी जास्त निवांत, कारण तो खरोखरच निवांत होता. पण पाहुण्यांनी मोबाइलवर यादीतला फोटो उघडून त्याच्याशी ताडून पाहिला. "हे ते नाहीत," एक बाई म्हणाल्या. "हे डुप्लिकेट आहेत." दुपारपर्यंत गावाला एका ताऱ्याचे पाच अभिप्राय पडले. काका बस स्टँडवर तिकीट काढून उभे होते. त्यांना तिथून आणण्यात आले आणि तिकिटाचे पैसे समितीने तत्परतेने परत केले.

त्या रात्री काकांनी लेकीला फोन केला. रजेचा विषय काढलाच नाही. ती गावात कुणाचे विजेचे बिल किती येते हे विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, तुम्हाला येता येत नाही ना? मग आम्ही येतो."

आपल्या माहेरी यायला कुणाची परवानगी लागते, असे वाचकाला वाटेल. सोमवार ते शुक्रवार लागत नाही. शनिवार-रविवारी मात्र गावातली प्रत्येक जादा खोली पाहुण्यांसाठी नोंदलेली असते आणि नातेवाईक हे पाहुण्यांत मोडत नाहीत. ते फुकट राहतात, तीनदा चहा घेतात आणि जाताना अभिप्रायही लिहीत नाहीत. काकूंनी लेकीची माडीवरची खोली 'घरगुती निवास, झाडाकडे खिडकी' म्हणून केव्हाच लावून टाकली होती. तेव्हा लेकीने काय केले, तर संकेतस्थळावर जाऊन, नवऱ्याच्या नावाने, स्वतःच्याच खोलीचे बुकिंग केले. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

शनिवारी दार उघडून काकू बघतच राहिल्या.

"अगं, तू? कळवायचं नाही का?"

"कळवलं असतं तर बुकिंग रद्द झालं असतं, आई. नियम वाच. ही पावती."

"आणि जावई?"

"गाडी लावायला जागा शोधतोय. आत घेतेस का, की दुपारी बारानंतरच?"

बाळ कडेवर होते. काकूंनी ते ओढूनच घेतले. लेकीने माडीवर जाऊन पाहिले तर तिच्या अभ्यासाच्या टेबलावर एक पाटी : 'इथे एका मुलीचे बालपण गेले. कृपया वस्तू हलवू नयेत.' तिने पिशवी जमिनीवर ठेवली.

काकांना तोवर बाकावर नेऊन बसवलेले होते. घरच्यांना बाकाजवळ मज्जाव. पण पाहुण्यांना नाही, आणि लेक आता पैसे भरून आलेली पाहुणी होती. बाळाला घेऊन ती रांगेत उभी राहिली. रांग झाडापासून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली होती. तिच्या मागे एक टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची पत्नी होती.

"ताई, जरा पुढे सरकता का? आम्हाला अंधार पडायच्या आत आणखी दोन मोहक गावं करायची आहेत."

"सरकते हो. पुढचे सरकले की सरकते."

"बाळाला कशाला आणलंत रांगेत? त्याला काय कळतंय?"

"तिलाच दाखवायचेत," लेक म्हणाली.

"हो का? आमच्या लहानपणी असे म्हातारे फुकट असायचे."

काकांनी तिला गिरणीपाशीच पाहिले होते.  दात दिसू नयेत म्हणून त्यांनी ओठ इतके घट्ट मिटले की समोरचे चार जण म्हणाले, आज काका नेहमीपेक्षा खोल वाटतात. रांग मुंगीच्या पावलांनी पुढे येत होती. प्रत्येकजण एक फोटो म्हणून तीन काढत होता. काका गुडघ्यांवरचे हात उचलत आणि पुन्हा ठेवत. एकाने विचारले, ही काही ध्यानाची मुद्रा आहे का?

लेकीचा नंबर आला. ती दोरीशी थांबली. बाळाने अनोळखी माणसाकडे बाळे पाहतात तसे, पापणी न हलवता, काकांकडे पाहिले.

आणि काका उठले.

सव्वादोन वर्षांत पहिल्यांदाच उठले, आणि उठले म्हणजे सुटलेच. दोरी पायात आली ती घेऊनच पुढे गेले. मीटर वाचायला जात तसे गेले : थाप नाही, विचारणे नाही, थेट आत. रांगेतल्या एका बाईने किंकाळी फोडली. काकांनी बाळ उचलले. बाळाने आधी त्यांच्या तोंडाकडे, मग आईकडे, पुन्हा तोंडाकडे पाहिले, आणि असे भोकाड पसरले की गिरणीवाला पट्टा बंद करून बाहेर आला.

"बाबा, ती नवीन माणसाला घाबरते हो," लेक म्हणाली.

"रडू दे. रडू दे तिला. जागी आहे ना."

ते तिला तसेच धरून उभे राहिले. बाळ रडता रडता हात-पाय झाडत होते. त्यात त्याच्या हाताला काकांचा कान लागला. त्याने तो धरला, पिळला, थोडे थांबून पुन्हा पिळला. रडणे मध्येच राहिले.

अध्यक्ष धापा टाकत आले. "काका, बसा! लोक बघतायत!"

"नाही बसत."

"निदान घेऊन तरी बसा!"

"तिला उभंच आवडतं," काका म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. नुकतेच कळले होते.

त्या संध्याकाळी शिस्तभंगाची सभा बोलावण्यात आली. काकांवर तीन आरोप होते : उभे राहणे, दात दाखवणे आणि घाई. ठराव टाईप होत होता तेवढ्यात अध्यक्षांच्या पुतणीने मोबाइल पुढे केला. रांगेतल्या प्रत्येकाने तो प्रसंग चित्रित केला होता, टोपीवाल्यांनी दोन कोनांतून. 'अनवाणी आजोबा आणि अनोळखी बाळ' या नावाने तो सकाळपर्यंत एवढ्या लोकांनी पाहिला की आमच्या गावाला यादीत सहाव्या क्रमांकावर नेण्यात आले. ठरावाचा कागद तसाच ठेवून वरचा मजकूर बदलण्यात आला. आता तो असा होता : 'पहिली भेट : दर शनिवारी, सकाळी अकरा व दुपारी चार.'

लेकीला समितीचे रीतसर आमंत्रण गेले. खोलीवर सवलत, बाळ मोफत. ती हसली आणि हो म्हणाली. काकांना आणखी काय हवे होते? ज्या समितीने रजा दिली नाही तिनेच आता नात घरपोच आणून दिली होती. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले. संस्था माणसाच्या भावनांचा विचार करत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

अडचण एकच होती. भेट दर वेळी पहिली असायला हवी. म्हणून खेळाव्यतिरिक्त काकांनी बाळाला भेटू नये असे ठरले. ते मागच्या खोलीत जेवत आणि बाळ पुढच्या. काका हेही पाळत. आठवड्यातून दोनदा का होईना, कान पिळून घ्यायला मिळत होता.

पहिल्या शनिवारी बाळ छान रडले. दुसऱ्या शनिवारी थोडे कमी. तिसऱ्या शनिवारी अकराच्या खेळाला ते नुसतेच विचारात पडले, आणि लेकीने हळूच चिमटा काढावा अशी सूचना एका सदस्याने मांडली. लेकीने त्या सदस्याकडे असे पाहिले की सूचना इतिवृत्तात घेतली गेली नाही. चौथ्या शनिवारी काका बाकावर, रांग गिरणीपर्यंत, लेक शेवटी. अजून कुणाचाही नंबर आला नव्हता. एवढ्या माणसांच्या डोक्यांवरून बाळाला बाकावरचे नाक दिसले. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा आनंदाचा चीत्कार केला.

रांगेत कुजबुज झाली. "ही तर ओळखते त्यांना!" "म्हणजे सगळं ठरवून केलेलं." "आपण तीन तास गाडी चालवून आलो, आणि यांची आधीचीच ओळख!" काहींनी पैसे परत मागितले.

समितीचा अहवाल मी पाहिला आहे. त्यात एकच वाक्य आहे : 'नात आजोबांस ओळखू लागल्याचे निदर्शनास आले असून, सबब सदर नात या कामी निरुपयोगी आहे.'

अध्यक्षांनी काकांची समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका. गावात आत्ता न ओळखणारी पाच बाळं आहेत. आईबाप रांग लावून उभे आहेत. पुढच्या शनिवारी दुसरं देतो."

काकांनी अहवाल मागून घेतला. 'ओळखू लागल्याचे' या शब्दांवर बोट ठेवून ते पुन्हा वाचले. एवढा समाधानाचा कागद त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

"याची एक प्रत मिळेल का?" ते म्हणाले.

"कशाला?"

"जातोय."

"कुठे?"

"घाईत आहे," काका म्हणाले, आणि आमच्या डोळ्यांदेखत चौक ओलांडून गेले. काकूंची पिशवी भरलेलीच होती. आता दोघे शहरात लेकीकडे असतात. बाळाचे पाळणाघर बंद झाले आहे. सकाळ-संध्याकाळ काका बाबागाडी घेऊन निघतात आणि त्यांच्या वेगाबद्दल इमारतीच्या रखवालदाराने दोनदा तक्रार केली आहे. बाळ हसत असते, असेही तक्रारीत नमूद आहे.

बाक रिकामे राहिले. गाव हवालदिल झाले. पण अध्यक्ष हार मानणाऱ्यांतले नाहीत. त्यांच्या लक्षात आले की रिकाम्या बाकाकडे पाहणारे पाहुणे त्यावर बसून बघतात, आणि बसले की उठायला तयार नसतात. मग समितीने 'निवांत तास' सुरू केला. बूट जमा, घड्याळ जमा, मोबाइल जमा. तासाचे भाडे आगाऊ. काकांच्या प्रकरणातून धडा घेऊन त्यात एक कडक अट घालण्यात आली : बसलेल्या माणसाच्या घरच्या कुणीही, म्हणजे नवरा, बायको, मुले, आईवडील, कुणीच दोरीच्या आत यायचे नाही आणि हाकही मारायची नाही. मुले रडली तरी नाही.

या अटीपायी योजना बुडेल अशी आम्हाला धास्ती होती. याच अटीपायी काका गाव सोडून गेले होते, आणि ते तर फुकट बसत होते. पैसे मोजणारा माणूस ती कशी मान्य करेल? अध्यक्षांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी माघार घेऊन अट गाळण्याची तयारीही ठेवली होती. परंतु आजपर्यंत बसलेल्यांपैकी एकानेही तिला हरकत घेतलेली नाही. बहुतेकजण ती दोनदा वाचतात आणि दबक्या आवाजात एवढेच विचारतात, की जरा जास्त पैसे भरले तर ही अट सोमवारपासून शुक्रवारपर्यंतही लागू करून मिळेल का.

पुढच्या तीन महिन्यांचे शनिवार भरले आहेत. एका रविवारी दुपारचा एक तास कुणीतरी सोडल्यामुळे रिकामा झाला आहे. तो तुमच्यासाठी धरून ठेवू का, ते आजच कळवा. घरी विचारून सांगतो असे म्हणू नका. तसे अजून कुणी म्हटलेले नाही.